आतल्या तारेवरची चिठ्ठी

दानियलकाका,

गणिताच्या चिपची चिठ्ठी तुम्ही आतल्या तारेला लावली नव्हती. ती मी लावली होती. एका शनिवारी दुपारी, तुम्ही घरी होता तेव्हा. एवढंच सांगायचं होतं आणि त्यासाठी माझ्याकडे पाच महिने होते. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले.

वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मला सांगितलंय. तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती, सगळं घाल म्हणाले. ते मी घालणार नाही. पण वाचणाऱ्यांना चिठ्ठी आणि तार म्हणजे काय ते कळायला हवं, म्हणून थोडं मागचं सांगतो. तुम्हालाही गोष्ट मुळापासून सांगितलेलीच आवडायची.

आपली भेट झाली तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी.चं प्रमाणपत्र होतं, दुसरं काही नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात किराणा दुकानाच्या माडीवर कुणी निवृत्त फिटर संगणकाचा क्लास काढतोय आणि त्याला शिकवायला माणूस हवाय, असं कळलं म्हणून मी पेणहून एसटीने आलो. तुम्ही जमिनीवर बसून एका उघड्या मशीनमधली धूळ दाढीच्या ब्रशने झाडत होता.

"इंग्रजी कसं आहे?" तुम्ही विचारलंत.

"वाचता येतं. बोलायला अडखळतो."

"बोलायचंय कोणाशी? मशीन विचारतं, आपण हो नाहीतर नाही म्हणायचं. लग्नाच्या बोलणीला याच्याहून जास्त बोलावं लागतं. उद्यापास्नं ये."

मुलाखत संपली. मी जिना उतरताना तुम्ही वरून हाक मारून विचारलंत, जेवलास का. त्या दिवशी काकींच्या हातची भाकरी पहिल्यांदा खाल्ली. पुढे रोज सकाळी क्लास उघडण्याआधी तुमच्या घरी चहा प्यायचा, हे न ठरवता ठरून गेलं.

तुमची दोन्ही मुलं आणि सगळे भाऊ इस्रायलला गेले होते. तुम्ही राहिलात. का राहिलात, असं एकदा विचारल्यावर म्हणालात, "तिकडं शिफ्टला बोलावणारं कोणी नाय." खरं कारण मला कधी कळलं नाही. एवढं दिसत होतं, की दोन हजार साल उजाडायच्या आत पेण आणि रोह्याच्या प्रत्येक हायस्कुलात एक तरी चालतं मशीन असावं, असं तुम्ही मनात घेतलं होतं. कंपन्या जुनी मशीनं फेकत होत्या. तुम्ही ती मागून आणायचात. विकत घ्यायच्या प्रोग्रामांचा खर्च शाळांना झेपणारा नव्हता, म्हणून तुम्ही लिनक्स धरलंत, ते फुकट मिळायचं. त्याची सीडी मुंबईहून कुणीतरी आणून दिली होती.

त्यात एक अडचण होती. कर्नल म्हणजे संगणकातला मूळ प्रोग्राम, जो सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. हा कर्नल ज्याने त्याने आपापल्या मशीनप्रमाणे बांधून घ्यायचा असतो. बांधण्याआधी पडद्यावर प्रश्न येतात. ही सोय हवी का, तो भाग आहे का, हे असंच ठेवायचं का. हो असेल तर वाय दाबा, नाहीतर एन. एकामागून एक शेकडो प्रश्न, आणि मागे जायची सोय नाही. चुकलं तर पहिल्यापासून. पहिल्या तुकडीतले मास्तर लोक साठाव्या प्रश्नापर्यंत टिकायचे आणि मग नुसतं एंटर, एंटर करत सुटायचे. त्यातून जे तयार व्हायचं ते चाललं तर नशीब.

तुम्ही कंपनीतलं पॅनेल डोळ्यांपुढे आणलंत. पॅनेलच्या बाहेर ऑपरेटरची बटणं असतात आणि आत, कुलपाच्या मागे, फिटरचे स्क्रू. तसेच हे प्रश्न दोन भागांत लावायचे. जे कोणालाही विचारता येतील ते बाहेर. जे फक्त जाणत्यालाच विचारायचे ते आत. मधे दार म्हणून एकच प्रश्न. त्याला नाही म्हटलं, की आतला एकही प्रश्न समोर येणार नाही, आपण आधी ठरवून ठेवलेली उत्तरं आपोआप लागू होतील.

तुम्ही जुन्या कॅलेंडराची पानं कापून चिठ्ठ्या केल्यात. एका चिठ्ठीवर एक प्रश्न, तुमच्या तिरक्या अक्षरात. दुकानात बिलं खोचायला असतात तसल्या दोन तारा भिंतीवर लावल्यात. डावी बाहेरची, उजवी आतली. नियम असा, की आधी दोघांनी बोलायचं, मग चिठ्ठी हलवायची, मग मशीनमधली प्रश्नांची फाईल बदलायची. आणि आत गेलेल्या प्रत्येक प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असं हवं, की तालुक्यातलं सगळ्यात दरिद्री मशीनसुद्धा त्यावर उभं राहील.

दाराच्या प्रश्नावरून आपण आठवडाभर भांडलो. मी लिहिलं होतं, तुम्ही तज्ज्ञ आहात का?

तुम्ही हसलात. "आपल्याकडं असं विचारलंस तर जाणता माणूस लाजून नाय म्हणेल. आणि ज्याचा चुलत भाऊ मुंबईला कॉम्प्युटरच्या दुकानात हाय तो छाती काढून व्हय म्हणेल."

"मग काय विचारायचं?"

"बिघडलं तर परत नीट करणारा माणूस इथं बसलाय का, असं विचार. बसला असेल तर वाय."

तेच ठेवलं. मी ते इंग्रजीत लिहिलं, तुम्ही माझ्या दोन चुका काढल्यात. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं इंग्रजी वाक्य आहे आणि त्यातला विचार तुमचा आहे.

दुसरं भांडण मात्र तसंच राहिलं. मी तुम्हाला पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतली आखणी सांगितली होती. माझे वडील वीस वर्षं कारखान्यात रंग देतात. पीतांबर, उपरणं, दागिने, सगळं. पण डोळ्यांची आखणी मालक करतो. तो एक ब्रश वडिलांच्या हातात आजवर कोणी दिला नाही. तुम्हाला हे इतकं पटलं की आतल्या तारेला तुम्ही आखणीची तार म्हणायला लागलात. मला राग आला.

"काका, त्यांना एकदा तरी ब्रश द्यायला हवा होता. कुलूप लावलं की बाहेरचा माणूस जन्मभर बाहेरच राहतो."

"मी कुलूप लावत नाय. दाराला कडी हाय. वाय म्हटलं की उघडते."

"वाय म्हणायची हिंमत कुठून आणायची त्यांनी?"

तुम्ही धूळ झाडायचा ब्रश खाली ठेवलात. मग म्हणालात, "डोळा बिघडला तर अख्खी मूर्ती नव्यानं करीन, असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी ब्रश उचलायचा. मागायचा नाय." मी म्हटलं, नोकरीवर असलेल्या माणसाला असं करता येत नाही. तुम्ही म्हणालात, "ते पण खरं हाय." त्याच्या पुढे आपण गेलो नाही. मला वाटत होतं, हळूहळू जाऊ.

आता शनिवार.

शनिवारी तुम्ही मशीनला हात लावत नसायचात. दिवाबत्तीसुद्धा नाही. तुम्ही ज्यू, तुमचा तो दिवस प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा. आणि शाळा शनिवारी सकाळच्या असल्यामुळे शिक्षक नेमके शनिवारी दुपारी मोकळे. म्हणून त्या दिवशीचा क्लास माझ्या एकट्याचा असायचा. पेणच्या खारपट्टीतल्या हायस्कुलातल्या म्हात्रेबाई दोन गाड्या बदलून यायच्या. त्यांच्या शाळेला तुम्ही मिळवून दिलेलं थ्री-एटी-सिक्स जातीचं जुनं मशीन होतं. त्याचा कर्नल बाई स्वतः आमच्या माडीवरच्या मशीनवर बांधून फ्लॉपीवर नेणार होत्या.

सगळं नीट चाललं होतं. सोळाव्या प्रश्नाला बाई थांबल्या. गणिताच्या चिपची नक्कल हवी का, असा तो प्रश्न. जुन्या मशीनमध्ये गणित करणारी वेगळी चिप नसते, तिचं काम कर्नलने नक्कल करून भागवायचं असतं.

"सर, आमच्या मशीनला ही चिप हाय का नाय, मला काय ठाव? आमच्या गणिताच्या सरांना विचारू?"

मागे बसलेले दोघे हसले. बाईंचा चेहरा पडला आणि त्यांचं बोट एंटरवर गेलं, पहिल्या तुकडीसारखं. मला ते बघवलं नाही. मला असंही वाटलं, की मी आता इतका तयार झालोय, की एवढी गोष्ट काकांना न विचारता करू शकतो. मी उठलो, डाव्या तारेवरून ती चिठ्ठी काढली, उजव्या तारेला लावली, फाईलमधली ओळ उचलून दाराच्या आत टाकली. बाईंना म्हटलं, आता पहिल्यापासून करा. त्या हसत पुढे गेल्या. कर्नल तयार झाला, आमच्या मशीनवर लावून पाहिला, उत्तम चालला.

आमच्या मशीनमध्ये चिप होती, म्हणून तिथे नकलेवाचून चाललं. आत टाकलेल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर नाही असंच राहिलं होतं. ते हो करायला हवं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी तुम्ही आलात, मी सांगायला विसरलो. विसरलो तो मी होतो, काका.

गुरुवारी खाली दुकानात बाईंचा फोन आला. तुम्ही घेतलात. वर आलात तेव्हा कपाळाला घाम होता. "मशीन चालू होता होताच थांबलं म्हणतायत. गणिताची चिप नाय, नक्कल पण नाय. बाईंना वाटलं आपल्या हातून जळलं. हेडमास्तरांनी वर चादर टाकून ठेवलीय." मग तुम्ही भिंतीकडे गेलात. डावी तार पूर्ण चाळलीत. उजवी चाळलीत. चिठ्ठी सापडली. ती हातात धरून तुम्ही उभे राहिलात. अक्षर तुमचंच होतं, सगळ्याच चिठ्ठ्यांवर तुमचंच होतं.

"मीच लावली असणार," तुम्ही म्हणालात. "पण मला आठवत का नाय?"

मी तुमच्यापासून चार पावलांवर होतो. तोंड उघडलं होतं. तुम्ही इतकं हळू बोलला होता, की तो प्रश्न मला नव्हताच. सांगायचं ते त्याच क्षणी सांगून टाकलं तरच सांगता येतं. तो क्षण गेला. मग मी विचार केला, जिन्यात सांगू. जिन्यात तुम्ही कठड्याला धरून उतरत होता.

शुक्रवारी आपण शाळेत गेलो. बाई स्टाफरूमच्या दारातच उभ्या होत्या. तुम्ही टोपी काढलीत. "बाई, तुमची चूक नाय. माझी हाय. चिठ्ठी मी चुकीच्या तारेला लावली. म्हातारपण."

"अवो काका, माझे तर हातपाय गळाले होते," बाई म्हणाल्या. "चार दिवस कोणाशी बोलले नाय मी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी बघायचं ना. काकांचा आता वय झाला."

फ्लॉप्यांचा डबा माझ्या हातात होता. मी मान हलवली. लोकांना वाटलं असेल, मी मोठ्या माणसाला सांभाळून घेतोय.

परतीच्या गाडीत सांगायचं ठरवलं होतं. खिडकीशी बसून तुम्ही म्हणालात, "तू हायस म्हणून बरं. माझं डोकं गळाया लागलं तरी काम अडणार नाय." यावर मी काय बोलणार होतो? बोलता आलं असतं. आज ते वाक्य मला सहज लिहिता येतंय. तेव्हा मला एकच दिसत होतं, की हा पेणचा, घरातला पहिला पदवीधर, असं म्हणून तुम्ही माझी सगळीकडे ओळख करून देत होता, आणि मला तो मुलगा राहायचं होतं.

त्यानंतर तुम्ही फाईलला हात लावला नाहीत. चिठ्ठी लिहायचात, पण तारेला माझ्याकडून लावून घ्यायचात. एखादी गोष्ट सुरू केली की मधेच थांबून विचारायचात, "हे तुला आधी सांगितलंय का मी?" सांगितलेलं नसायचं. मी म्हणायचो, नाही काका, सांगा. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात. मी तुमच्या समाधानासाठी खोटं बोलतोय का, ते तपासायचात. ज्याबद्दल मी खोटा होतो तिथे तुम्ही कधी संशय घेतला नाहीत.

मी तुमच्याकडून सोल्डर करायला शिकलो, इंग्रजी पत्र लिहायला शिकलो, जाहीर चूक कबूल कशी करायची तेही डोळ्यांनी पाहिलं. शेवटचं मला आलं नाही.

तुम्ही अचानक गेलात. सकाळी अंगण झाडून झालं, खाटेवर टेकलात, आणि काकी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी पूल ओलांडत होतो तेव्हा किराणावाला सायकलवरून समोर आला. त्याने सायकल वळवली आणि मला मागे बसवून तुमच्या घरी नेलं.

माडीवर अजून सात चिठ्ठ्या टेबलावर पडून आहेत. कुठल्या तारेला लावायच्या ते आपण ठरवलं नव्हतं. परवा मी एक उचलली, डाव्या तारेशी नेली, उजव्या तारेशी नेली, परत टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात नागोठण्याचे शिक्षक येणार आहेत. बिघडलं तर नीट करणारा माणूस इथं बसलाय का, हे आता मशीन मला विचारतं, आणि मी एन दाबून पुढे जातो.

तुमच्यातल्या सुतकाच्या रीतीप्रमाणे सात दिवस काकी जमिनीवर बसून होत्या. माणसं येत होती, जेवण आणत होती. आठव्या दिवशी गर्दी नव्हती. काकी मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. शनिवार, बाई, चिठ्ठी, सगळं. त्यांना तारांचं काही कळलं नसावं.

"काय म्हणालास? सरळ सांग."

"काकी, ती चूक काकांनी केलीच नव्हती. मी केली होती. काका काही विसरले नव्हते."

त्यांचे हात थांबले.

"मग हे त्यांना सांगायचं होतंस ना रे. मला सांगून मी काय करू?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "रोज सकाळी, तू यायच्या आधी, मला समोर बसवायचे. म्हणायचे, विचार मला. काल काय जेवलो विचार. परवा कोण आलं होतं विचार. पोरांच्या लग्नाला कोण कुठं बसलं होतं ते पण. पयले दोन दिवस मला हसू आलं. मग नाय आलं."

"आणि?"

"आणि काय? एकदा पण चुकले नाय. शेवटच्या दिवशी तर मला पण आठवली नसती ती भाजी त्यांनी सांगितली. मी म्हणायची, बघा, सगळं बरोबर हाय, कशाला जीव खाताय? तर म्हणायचे, तू माझं मन राखायला बरोबर म्हणतेस."

काकींनी पुन्हा वाल हातात घेतले.

काका, त्या तुमचं मन राखत नव्हत्या. हे तुम्हाला पटवून देऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि तो अर्ध्या तासाने येऊन त्याच जागी बसून चहा प्यायचा.